आरसी विमान शिकायला कुठला सिम्युलेटर घ्यावा? जुना लॅपटॉप, एफएस-आय६ रेडिओ

सनबोर्ड_बडोदे

नमस्कार मंडळी. १.२ मीटर पंखांचं हाय-विंग ट्रेनर, म्हणजे पंख वर असलेलं शिकाऊ आरसी (रेडिओ कंट्रोलचं) विमान, सनबोर्डमध्ये (फोमच्या पाटीत) बनवायला घेतलंय. चार चॅनल, २२१२ मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), ३ सेलची २२०० लायपो बॅटरी. तयार वजन ९०० ग्रॅमच्या आसपास जाईल. पावसाळाभर मैदानात चिखल, त्यामुळे उडवणं दिवाळीनंतरच. तोवर सिम्युलेटरवर हात बसवायचा विचार आहे.

लॅपटॉप जुना आहे: आय३, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, १३६६ बाय ७६८ चा पडदा, विंडोज १०. रेडिओ फ्लायस्काय एफएस-आय६, मोड २ (डाव्या स्टिकवर थ्रॉटल म्हणजे मोटरचा जोर आणि रडर म्हणजे शेपटीचं सुकाणू; उजवीवर एलेरॉन म्हणजे पंख कलवणाऱ्या फळ्या आणि एलिव्हेटर म्हणजे नाक वर-खाली करणारी फळी).

रिअलफ्लाइट घ्यावं, फुकटातलं पिकासिम चालेल, की मोबाईलवरचं एखादं पुरे? शिवाय बाजारात 'बावीस-इन-वन' नावाची यूएसबी केबल मिळते, ती या रेडिओला चालते का? आणि सिमवर नेमकं काय जमलं की खरं विमान उचलायला हरकत नाही?


तिसरा_चॅनल

मोबाईलवरचं आधी बाद करा. काचेवर अंगठा सरकवून स्टिकची सवय लागत नाही. स्प्रिंगचा ताण नाही, मध्यबिंदू कुठे आहे ते बोटाला कळत नाही, आणि आरसी शिकणं म्हणजे मुख्यतः हा मध्यबिंदू अंगठ्यात मुरवणं. विमानाचं नाक कुठल्या बाजूला आहे ते ओळखायची सवय मोबाईलवर थोडीफार होईल, पण तेवढंच.

मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर किंवा एक्स-प्लेनही यासाठी नको. ती कॉकपिटमध्ये बसून उडवायची सिम्स आहेत. आरसीत तुम्ही जमिनीवर उभे आणि विमान लांब. विमान तुमच्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, आणि ती गाठ कॉकपिटमध्ये कधी पडतच नाही. लिफ्टऑफ, वेलोसिड्रोन वगैरे एफपीव्ही ड्रोनची (ड्रोनवरच्या कॅमेऱ्यातून बघत उडवायची) आहेत, त्यांचीही तीच गत.

राहिली चार. रिअलफ्लाइट इव्होल्यूशन फक्त विंडोजवर चालतं, विकत घ्यावं लागतं, आणि शिकणाऱ्यासाठी सगळ्यात भरलेलं आहे. त्यात ॲप्रेंटिस हे दीड मीटरचं ट्रेनर आहे, त्याचा स्वभाव तुमच्या विमानाच्या बराच जवळचा. एअरोफ्लाय आरसी दिसायला देखणं, आणि ज्यांच्याकडे मॅक आहे त्यांना तेच सोयीचं. पिकासिम फुकट आहे. ते मुळात डोंगरउतारावरच्या ग्लायडरसाठी बनलेलं, पण मोटरची विमानंही आहेत आणि जुन्या लॅपटॉपवर लोण्यासारखं पळतं. लिनक्सवाल्यांसाठी सीआरआरसीसिम.

तुमच्या लॅपटॉपवर पहिला महिना पिकासिम. ते फुकट आहे म्हणून हे सांगत नाही, कारण वेगळं आहे. विमान ताशी ६० किलोमीटरने जात असेल तर सेकंदाला साधारण १६.७ मीटर कापतं. पडदा सेकंदाला २० चित्रंच दाखवत असेल तर दोन चित्रांमध्ये विमान ८० सेंटिमीटरहून जास्त उडी मारतं. तुम्ही स्टिक हलवली तरी परिणाम उशिरा दिसतो, म्हणून तुम्ही आणखी हलवता, मग विमान जास्त वळतं, मग उलटी स्टिक. ही डोलण्याची सवय एकदा अंगठ्यात बसली की मैदानावरही सुटत नाही. सुंदर गवत आणि २० चित्रं यापेक्षा भकास हिरवी चादर आणि ६० चित्रं कधीही बरी.

पुढे रिअलफ्लाइट घेतलंत तर त्यातल्या फोटोफील्ड प्रकारच्या मैदानांवरच उडवा. ती खऱ्या मैदानाच्या फोटोंची गोलाकार चादर असते, ग्राफिक्सवर भार कमी पडतो. त्रिमितीय मैदानांवर तुमचा आय३ धापा टाकेल. स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) सेल लागतात, तेव्हा घ्या. घाई काय आहे?


इंदुरी_ग्लायडर

इंदूरहून. निवडीबद्दल वरचं सगळं मान्य. मी केबलपासून सुरू करतो, कारण सिम कुठलंही घ्या, लोक अडकतात ते इथेच.

बावीस-इन-वन चालते. तिच्यात तीन गोष्टी असतात: बारीक सरकती कळ असलेलं यूएसबी डोंगल, ३.५ मिलिमीटर पिनची केबल, आणि वेगवेगळ्या रेडिओंचे अडॅप्टर. आय६ च्या पाठीवर गोल भोकाचं ट्रेनर पोर्ट आहे, जुन्या एस-व्हिडिओसारखं. त्यात बसणारा चार काड्यांचा गोल अडॅप्टर निवडा. खाच जुळवूनच घाला. जोर लावून फिरवलात तर काडी वाकते आणि मग ती चिमट्याने सरळ करत बसावं लागतं.

डोंगलवरची कळ पिकासिमसाठी साध्या जॉयस्टिकच्या जागी ठेवा. बहुतेक डोंगलवर तिथे एफएमएस असं लिहिलेलं असतं. कळ बदलल्यावर डोंगल काढून पुन्हा लावा, चालू असताना बदललेली त्याला कळत नाही. सोबत जी चकती येते ती ड्रायव्हमध्ये घालूच नका. चोरीच्या प्रती असतात, आणि त्यांच्याबरोबर काय येईल ते सांगता येत नाही. जॉयस्टिकला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, विंडोज आपणच ओळखतो.

आता रेडिओ. सुरू करताना सगळे स्विच वर आणि थ्रॉटल खाली, नाहीतर तो इशारा दाखवून अडून बसतो. ओके दाबून धरा, सिस्टिम मेनूत जा, आधी मॉडेल सिलेक्टमधून एक रिकामं मॉडेल घ्या. आय६ मध्ये वीस मॉडेलांची जागा आहे, पाचवं घ्या आणि त्याचं नाव 'सिम' ठेवा. मग स्टुडंट मोड चालू करा, म्हणजे स्टिकचा सिग्नल ट्रेनर पोर्टमधून बाहेर जातो. कॅन्सलचं बटण दाबून धरलं तरच ते जतन होतं. नुसतं दाबून बाहेर आलात तर केलेलं सगळं पुसलं जातं. निम्म्या 'केबल खराब आहे' तक्रारींचं मूळ हेच.

विंडोजमध्ये विंडोज बटण आणि आर दाबून जॉय डॉट सीपीएल चालवा. गेम कंट्रोलरची खिडकी उघडते. तिथे अक्ष हलताना दिसले की केबलचं काम झालं.

रेडिओ अजून घेतलाच नसता तर रेडिओमास्टर पॉकेटसारखा, एजटीएक्स सॉफ्टवेअरवर चालणारा सुचवला असता. त्याला यूएसबी-सी केबल लावली की स्टोरेज की जॉयस्टिक एवढंच विचारतो, डोंगल लागत नाही. ट्रेनर पोर्टमधून जाणाऱ्या, सगळे चॅनल एकामागून एक पाठवणाऱ्या पीपीएम सिग्नलची एक फेरी साधारण २० मिलिसेकंदांची, थेट यूएसबीत ती भानगड नाही. पण आय६ हातात असताना फक्त यासाठी नवा रेडिओ घेऊ नका. ज्या स्टिकने विमान उडवणार त्याच स्टिकने शिकणं हा फायदा मोठा आहे.


सनबोर्ड_बडोदे

केबल आणली, पिकासिम टाकलं, विंडोजमध्ये कॅलिब्रेशनही (स्टिकचा मध्य आणि टोकं नोंदवणं) केलं. तीन अडचणी:

एक, थ्रॉटल पूर्ण खाली असतानाही मोटर अर्ध्या जोरावर फिरते. दोन, काहीही न करता विमान हळूहळू डावीकडे कलंडतं. तीन, मधूनच सगळे अक्ष एकदम थरथरतात आणि विमान कोसळतं. शिवाय डावी स्टिक आडवी हलवली की एलेरॉन हलतं, रडर उजव्या स्टिकवर गेलंय.


इंदुरी_ग्लायडर

शेवटचं सगळ्यात सोपं. आय६ चा क्रम पहिला एलेरॉन, दुसरा एलिव्हेटर, तिसरा थ्रॉटल, चौथा रडर. सिमने पहिला आणि चौथा अदलाबदल करून घेतलेत. सिमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक अक्ष हाताने नेमून द्या. रेडिओतला स्टिक मोड बदलून हे सोडवू नका, नाहीतर खऱ्या विमानाच्या वेळी गोंधळ होईल.

थ्रॉटलचं: विंडोजचं कॅलिब्रेशन सुरुवातीला 'कंट्रोलर मध्यावर ठेवा' असं सांगतं. उजव्या स्टिकला स्प्रिंग आहे, ती आपोआप मध्यावर असते. थ्रॉटलला स्प्रिंग नाही आणि सवयीने ते आपण खाली ओढून ठेवलेलं असतं. विंडोज मग 'सगळ्यात खाली' यालाच मध्य समजतो. सिमला खालच्या टोकाला मध्याचा आकडा मिळतो, म्हणजे अर्धा जोर. पुन्हा कॅलिब्रेट करा, या पायरीला थ्रॉटल डोळ्यांनी पाहून बरोबर मध्यावर ठेवा, मग सगळ्या स्टिक चारही कोपऱ्यांत सावकाश फिरवा.

कलंडणं म्हणजे ट्रिम, स्टिकचा मध्य थोडा सरकवणारी सोय. आय६ ची ट्रिम बटणं हात लागून सहज दाबली जातात. चारही ट्रिम मध्यावर आणा, मध्यावर आल्यावर बीप वेगळी वाजते. फंक्शन मेनूत डिस्प्ले उघडा: तिथे प्रत्येक चॅनलची पट्टी दिसते. स्टिक सोडल्यावर पट्टी मध्यावर नसेल तर दोष रेडिओत आहे. पट्टी मध्यावर असून विमान कलंडत असेल तर दोष कॅलिब्रेशनमध्ये. क्रम महत्त्वाचा: आधी ट्रिम, मग कॅलिब्रेशन. उलटं केलंत तर वाकडी ट्रिमच 'सरळ' म्हणून नोंदली जाते.

थरथर जवळजवळ नेहमी ३.५ ची पिन अर्धवट बसल्यामुळे होते. टक् आवाज येईपर्यंत दाबा. तरी राहिली तर डोंगल यूएसबी हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावा. मग रेडिओचे सेल बघा.

आणि एक्स्पो (मध्याजवळ स्टिक मवाळ करणारी सोय) एकाच जागी द्या, रेडिओत किंवा सिममध्ये. दोन्हीकडे दिलात तर मध्यभागी स्टिक मेल्यासारखी वाटते. रेडिओत ठेवणं बरं, तोच आकडा पुढे विमानात घेता येतो.


वासी_उत्तरायण

यंत्र जुळलं, आता तुमचा तिसरा प्रश्न. सिमवर महिनोन्‌महिने घालवून मैदानावर पहिल्या वळणात विमान मोडण्याचं कारण सहसा एकच असतं: चुकीची गोष्ट घोटलेली असते.

कॅमेरा आधी पक्का करा. विमानामागे पळणारा कॅमेरा बंद, पायलट जमिनीवर एका जागी उभा. आपोआप झूम होणारी सोय असेल तर तीही बंद किंवा अगदी कमी. झूम चालू असेल तर विमान लांब गेलं तरी मोठंच दिसतं, आणि 'आता परत फिरवायला हवं' ही जाणीवच तयार होत नाही. हिशेब बघा: तुमच्या १३६६ च्या पडद्यावर ६० अंशांचं दृश्य ठेवलं तर १०० मीटरवरचं १.२ मीटरचं विमान टोकापासून टोकापर्यंत जेमतेम १४ पिक्सेल दिसतं. त्यात कुठला पंख खाली आहे ते ओळखणं अशक्य. खरा डोळा यापेक्षा बराच चांगला आहे. म्हणून सिमवर ५० मीटरच्या आतच फिरा, तिथे २८ पिक्सेल मिळतात. घरच्या टीव्हीला जोडणार असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर टीव्ही चित्र सुंदर करत बसतो आणि स्टिक उशिरा पोचते.

ॲप्रेंटिससारख्या विमानात स्वतःहून पंख सरळ करणारी सोय असते. ती बंद करा. तुमच्या सनबोर्डच्या विमानात ते करणारा जायरो (कल ओळखणारा सेन्सर) नाही.

मग पहिलं काम: विमान स्वतःकडे आणणं. नाक तुमच्याकडे असताना पडद्यावर जो पंख खाली गेलेला दिसतो, स्टिक त्याच बाजूला न्यायची, जणू खाली पडणाऱ्या पंखाला टेकू देतोय. 'आपण विमानात बसलोय' अशी कल्पना करून डावं-उजवं उलटवू नका, तेवढा वेळ हवेत मिळत नाही. पहिले दोन-तीन दिवस हेच: लांब न्या, वळवा, सरळ अंगावर आणा, डोक्यावरून जायच्या आत बाजूला काढा.

नंतर आडवा आठ. वर्तुळं नकोत. वर्तुळात माणूस एकाच बाजूची वळणं गिरवतो आणि दुसरी बाजू कायमची कच्ची राहते. आठाच्या मधल्या फुलीवर विमान दर वेळी तुमच्यासमोर आलं पाहिजे, उंची न बदलता.

वळणातलं एक गणित लक्षात ठेवा. ६० अंश कललेल्या, उंची राखलेल्या वळणात पंखांवर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान तोलून धरत नाही) ४१ टक्क्यांनी वाढतो. ४५ अंशांत १९ टक्के. उतरताना शेवटच्या वळणात वेग आधीच कमी असतो. धावपट्टी निसटतेय असं दिसलं की माणूस जास्त कलवतो, वर एलिव्हेटर ओढतो, आणि आतला पंख एकदम खाली. सिममध्ये हे मुद्दाम करून बघा, ३० मीटर उंचीवर, दहा वेळा. पंख पडायच्या आधी एलेरॉन कसं ढिलं पडतं ते बोटाला कळू द्या. त्यावर उपाय: एलिव्हेटर सोडा, थ्रॉटल द्या, मग पंख सरळ करा. आधी एलेरॉनने पंख उचलायला गेलात तर स्टॉल आणखी खोल जातो.

लँडिंगला सगळ्यात जास्त वेळ द्या. थ्रॉटलने उंची, एलिव्हेटरने वेग असं समजून उतरवा. पट्टीच्या अलीकडे ४०-५० मीटरवर विमान तुमच्या डोळ्यांच्या दुप्पट उंचीवर, थ्रॉटल पावच्या खाली, नाक किंचित खाली. एक मीटर उरल्यावर थ्रॉटल पूर्ण बंद आणि एलिव्हेटर थेंबाथेंबाने ओढायचा. एकदम ओढलात तर ते फुग्यासारखं वर उडतं आणि मग दगडासारखं पडतं. वर उडालंच तर पुन्हा ढकलू नका, थ्रॉटल द्या आणि फेरी मारा.

वारा शून्यावर ठेवून शिकलेलं बडोद्यात उपयोगाचं नाही. आठवड्यानंतर ताशी १० किलोमीटर, नंतर १५, झुळका चालू, दिशा पट्टीला तिरकी. वाऱ्याबरोबर जाताना जमिनीवरून वेग जास्त दिसतो म्हणून लोक थ्रॉटल कमी करतात. विमानाला जमिनीशी काही देणंघेणं नसतं, हवेतला वेग पडतो आणि स्टॉल.

उंचीचा आकडा पडद्यावर दिसत असेल तर ६० मीटरच्या खाली राहायची सवय लावा. हरणी विमानतळ शहराला चिकटून आहे, आणि ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवानगी मर्यादा २०० फूट आहे. त्याहून जवळ तर जमिनीपासूनच परवानगी लागते. मैदान ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा उघडून बघा.


तिसरा_चॅनल

वरच्या यादीत एक भर. क्रॅश झाल्यावर लगेच रीसेट दाबू नका. रिअलफ्लाइटमध्ये स्पेसबारला बोट चिकटलेलं असतं, विमान पडतंय असं दिसलं की माणूस स्टिक सोडून स्पेसबार मारतो. मैदानावर स्पेसबार नाही. जमिनीला टेकेपर्यंत उडवत राहा, आणि पडल्यावर दहा सेकंद थांबून काय चुकलं ते मोठ्याने बोला. हास्यास्पद वाटेल, पण चूक लक्षात राहते.

बसायचंही नाही. उभं राहून, रेडिओ छातीशी, मैदानावर धरणार तसाच. वीस मिनिटं झाली की बंद. त्यानंतर अंगठा शिकत नाही, नुसता खेळतो.


सनबोर्ड_बडोदे

तिन्ही अडचणी सुटल्या. थ्रॉटलचं कारण तेच होतं, आणि ट्रिम चार टिचक्या डावीकडे गेलेली. आता तयार झालो हे ठरवायचं कसं? आणि सिम काय शिकवत नाही?


वासी_उत्तरायण

कसोटी: १५ च्या तिरक्या वाऱ्यात सलग दहा टेकऑफ आणि दहा लँडिंग, एकही न मोडता. नववं मोडलं तर पुन्हा एकपासून. त्यातली तीन लँडिंग मोटर बंद करून, वेगवेगळ्या जागांवरून. दोन्ही बाजूंचे आठ. हे जमलं की पुरे, उलटं उडवणं आत्ता नको.

सिम जे शिकवत नाही ते सगळं उडण्याच्या आधीचं. सिमचं विमान तोललेलंच असतं. तुमचं नसेल. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांत आणा, पहिल्या उड्डाणाला २५ च्या बाजूने. समजा पंख २० सेंटिमीटर रुंद आहे, तर ५ सेंटिमीटरवर दोन बोटांनी उचलून नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपूट जड असलेलं विमान सिममधल्या दहा लँडिंगवाल्यालाही उतरवता येत नाही. सनबोर्डला शेपटीकडे गरम गोंद जास्त ओतला जातो, तिथेच वजन वाढतं. लायपो पुढे सरकवायला जागा ठेवून डबा बनवा.

पहिलं उड्डाण पहाटे, वारा नसताना. आणि जानेवारीपर्यंत लांबलं तर १४-१५ तारखांच्या आधी-नंतरचे आठवडे सोडा. हवेत पतंग, शेतात आणि झाडांवर मांजा. प्रोपेलरला गुंडाळला की मोटर जागीच अडते आणि ईएससी जळतो. ते दिवस सिमलाच द्या.


इंदुरी_ग्लायडर

आणि निघण्याआधी रेडिओ. स्टुडंट मोड बंद करा, 'सिम'वाल्या पाचव्या मॉडेलवरून विमानाच्या मॉडेलवर या, कॅन्सल दाबून धरून जतन करा. सिमसाठी कुठला चॅनल रेडिओत उलटवला असेल तर तो त्या मॉडेलमध्येच राहिला पाहिजे. मैदानावर पडद्यावरचं मॉडेलचं नाव वाचा. मग विमानामागे उभं राहून उजवी स्टिक उजवीकडे: उजवं एलेरॉन वर, डावं खाली. स्टिक स्वतःकडे ओढा: एलिव्हेटर वर. डावी स्टिक उजवीकडे: रडर उजवीकडे. हे तिन्ही बरोबर असल्याशिवाय प्रोपेलर लावू नका.